सहा दातांची पंगत

सदू आचाऱ्याने चाळीस वर्षांत आपल्या हातचं अन्न पानात पडण्याआधी कधी जिभेला लावलं नव्हतं.

आरे-वारेच्या रस्त्यावरून वर चढून आत वळलं की कातळाच्या कडेला बारा घरांची वाडी लागते. त्यातलं शेवटचं, काजूच्या सावलीतलं घर सदूचं. पण त्याला घरात पाहिलेली माणसं कमी आणि मांडवामागे चुलाणाशी पाहिलेली जास्त. पालीपासून जयगडपर्यंत कुठल्याही देवळात महाप्रसाद असला, कुणाच्या मुलीचं लग्न असलं, की आदल्या दिवशी निरोप यायचा. सदू खांद्यावर पंचा टाकायचा, हाताएवढा लांब झारा काखेत मारायचा आणि निघायचा. पाचशे पान असो, हजार असो, त्याच्या हातची वालाची उसळ कधी कमी पडली नाही आणि उरलीही नाही.

देवाला नैवेद्य दाखवण्याआधी अन्न उष्टं करायचं नाही, ही आचाऱ्यांची रीत. बाकीचे आचारी ती देवळापुरती पाळत. सदूने ती लग्नात पाळली, बारशात पाळली, आणि पुढे पुढे घरच्या पिठल्यालाही लावली. डाळ शिजली की नाही ते तो वासावरून सांगायचा, खीर आटली की नाही ते झाऱ्यावरून पडणाऱ्या धारेवरून. एकदा कुणी तरी विचारलं, "आणि मीठ?" तेव्हा तो गमतीने म्हणाला होता, "मीठ मी नाकानं वळखतो." लोकांनी ते खरं धरलं. चार वर्षांनी सदूनेही खरं धरलं.

मिठाला वास नसतो हे त्याला ठाऊक होतं. त्याची मूठ तेवढी ठरलेली होती. शंभर पानांना अमुक मुठी, पाचशेंना तमुक. नाकाला मान मिळत होता तो मुठीच्या जिवावर. हे गुपित त्याने कुणाला सांगितलं नाही, आणि हळूहळू स्वतःलाही सांगायचं बंद केलं.

अशा या माणसाच्या घरी पौष सरता सरता, आंब्याला नुकता मोहोर धरत होता तेव्हा, त्याची मुलगी नम्रता दीड वर्षाच्या राहीला घेऊन डोंबिवलीहून आली. जावई रितेश बोटीवर, नऊ महिने समुद्रात. नम्रताला जयगडच्या बंदरावर एका कंपनीच्या कचेरीत नोकरी लागली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं. मधल्या वेळात राही कुठे राहणार, याचं उत्तर एकच होतं आणि ते काजूखाली पंचा झटकत उभं होतं.

"मी हाय की," सदू म्हणाला. "पाचशे माणसं जेवतात माज्या हातची. ही एवढीशी."

ती एवढीशी त्याच्याकडे बघत होती. तोंडात सहा दात, चार वर आणि दोन खाली, सगळे पुढचे. दाढांचा अजून पत्ता नव्हता.

त्याने मऊ भात केला, वर तूप सोडलं. राहीने तोंड मिटलं. नाचणीचं सत्त्व केलं, गूळ घातला. राहीने तोंड मिटून मान वळवली. घावन केलं, जाळीदार, रुमालासारखं. राहीने ते हातात घेतलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि मांजराला दिलं. तिला अजून फार शब्द येत नव्हते, पण एक येत होता, आणि तो ती फार स्वच्छ बोलायची. "नक्को."

आईच्या हातून तोच भात ती खात होती. म्हणजे खोट भातात नव्हती. खोट हातात होती.

बुधवारी रात्रीची जेवणं झाल्यावर नम्रता ओटीवर येऊन बसली. "बाबा, रविवारपर्यंत बघते मी. तुमच्या हातून ती खायला लागली तर ठीक. नाही तर कळवून टाकते त्यांना, जमत नाही म्हणून. दिवसभर उपाशी ठेवून नाही जाता येणार मला."

"आनि मग?"

"मग काय. परत डोंबिवली."

सदूची बायको सगुणा जाऊन तीन वर्षं झाली होती. गेले चार दिवस घरात बारीक कपडे वाळत होते, बादलीत रबराचं बदक तरंगत होतं, आणि त्याला कधी नव्हे ती पहाटे उठायची घाई होत होती. हे सगळं पुन्हा बॅगेत भरून जाणार, आणि तेही आपल्या हातचा घास कुणी गिळत नाही म्हणून. पाचशे पानांचा आचारी. त्याला स्वतःचंच हसू आलं, पण ते नीट वर येईना.

"डोंबिवलीत पाळनाघरात खायची ना ती? कोनाच्या हातून?"

"तिथल्या काकू पिझ्झा करायच्या घरी. छोटा, मऊ. तो असला की मग कोणीही भरवा, ती खाते."

"मग तू कर."

"मला कुठे येतो? तुम्ही मला कधी चुलीजवळ उभं केलंत?"

हे खरं होतं. घरात दोन आचारी नकोत, हे त्याचंच वाक्य. सदूने पंचा घडी करून मांडीवर ठेवला. "शेवटी भाकरीच ना ती," तो म्हणाला. "वर काय बाय पसरलेली. करतो मी."

गुरुवारी नम्रता कागदपत्रांसाठी रत्नागिरीला गेली. जाण्याआधी तिने मैदा, चीज आणि यीस्टची पुडी आणून ठेवली होती आणि फोनवर एक व्हिडिओ लावून दिला होता. सदूने तो अर्धाच पाहिला. व्हिडिओतली बाई पीठ भिजवायला लागली, तिथे त्याने फोन पालथा केला. पीठ कसं भिजवायचं हे आता त्या बाईने सांगायचं राहिलं होतं.

कोकणात तांदळाच्या भाकरीला पाणी उकळतं लागतं. थंड पाण्यात तांदळाचं पीठ एकमेकाला धरत नाही. उकळत्या पाण्यात त्याची उकड काढायची, ती गरम असतानाच तळव्याने मळायची, हात भाजला तरी मळायची. सदूचे तळवे चाळीस वर्षं भाजून भाजून कातळासारखे झाले होते. त्याने आधण ठेवलं, खळखळलं तसं मैद्यावर ओतलं, त्यात यीस्टची पुडी सोडली, सवयीने मूठभर मीठ टाकलं आणि मळायला बसला. गोळा झाला छान. फडक्याखाली झाकून ठेवला आणि फुगायची वाट बघत बसला.

दुपार झाली. गोळा होता तसाच. उन्हं कलली. गोळा होता त्याहून थोडा लहान दिसू लागला.

शेवटी त्याने तो थापला, हाताच्या सवयीने पातळ, चंद्रासारखा गोल, वर टोमॅटो आणि चीज घालून बिडाच्या तव्यावर ठेवला. उतरवला तेव्हा त्याने तो परातीत टाकला आणि परात वाजली.

नेमका तेव्हाच कमाल कुंपणापाशी आला. कमालचं घर खाली खाडीच्या बाजूला. वीस वर्षं मस्कतला एका बेकरीत काढून तो परत आला होता आणि आता माडांना पाणी लावून दिवस घालवत होता. परातीचा आवाज ऐकून त्याने मान आत घातली.

"काय सदूभाऊ, कौलं उतरवतोस काय?"

"पिज्जा हाय तो."

कमाल आत आला. पिझ्झा उचलून त्याने बोटाने टकटक केलं. मग गंभीर चेहऱ्याने विचारलं, "पानी कसलं घेतलंस?"

"कसलं म्हंजे? उकळतं. भाकरीला घेतो तसं."

कमाल खाली बसला. बसल्यावर हसायला लागला, आणि हसता हसता त्याने दोनदा डोळे पुसले. "अरे, जिवंत असतं ते यीस्ट. त्याला कोमट लागतं, बाळाच्या अंगोळीला घेतो तसं. तू उकडून मारलंस बिचाऱ्यांना. फुगनार कोन? तेंची भुतं?"

"आमच्यात उकळतंच घेतात," सदू म्हणाला. म्हणता म्हणताच त्याला कळलं की हे उत्तर तो पिझ्झ्याला देत होता आणि पिझ्झ्याला त्याच्याशी काही घेणंदेणं नव्हतं.

संध्याकाळी कमालची बायको रझिया चांगल्या यीस्टची डबी देऊन गेली. "आनि दूध घाला अर्धं," ती दारातूनच म्हणाली, "पोराटोरांचं हाय ते."

सदूने मान हलवली. दूध घालायचं ध्यानात ठेवलं नाही. दुसऱ्याच्या दोन सूचना एका दिवशी ऐकायची त्याला सवय नव्हती.

शनिवारी त्याने पुन्हा मांडामांड केली. या वेळी पाणी कोमट. कोपर बुडवून पाहिलं, जसं सगुणा पाहायची नम्रताच्या आंघोळीचं. पीठ मळून टोपात ठेवलं, वर फडकं टाकलं आणि टोप अंगणातल्या जांभ्या दगडावर ठेवला. सकाळभर तापलेला चिरा खालून मंद ऊब देत होता. दोन तासांनी फडकं आपसूक वर आलं. सदूने ते उचललं तेव्हा पीठ टोपाबाहेर डोकावत होतं, गुबगुबीत, आंबूस वासाचं. त्याला इतका आनंद झाला की तो इकडेतिकडे कुणी बघतंय का ते पाहू लागला. बघायला फक्त राही होती, मांजराची शेपूट धरून बसलेली.

नम्रता बाजारात गेली होती. त्या दिवशी सदूची कवळी सकाळपासून हिरडीला लागत होती. दिवाळीत बसवलेली नवी कवळी तो चारचौघांत कधी काढत नसे. पण घरात राहीशिवाय कुणी नव्हतं आणि तिचं स्वतःचंच दुकान सहा दातांवर चाललं होतं. त्याने कवळी काढून फळीवरच्या वाटीत ठेवली.

पिझ्झा झाला तो पाहण्यासारखा. वर चीज वितळून सोनेरी झालेलं, कडा तांबूस, कुरकुरीत. वास अंगणभर. त्याने काप केले, ताटलीत मांडले आणि राहीसमोर उभा राहिला, एका हातात ताटली, कमरेत वाकून, पंगतीत वाढायला उभा राहतो तसाच.

"घ्या," तो म्हणाला. "अजून येक घ्या. लाजू नका."

राहीने एक काप घेतला. तिने वरचं चीज चोखलं. चीज आवडलं. मग कड तोंडात घातली, पुढच्या दातांनी धरली, ओढली. कड आली नाही. तिने दुसऱ्या बाजूने प्रयत्न केला. चेहरा लाल झाला. मिनिटभर ती त्या कडेशी झगडली, मग काप तोंडातून काढून नीट पाहिला, आणि समोर वाकलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडात कोंबला.

सदूला मागे सरायला वेळच मिळाला नाही. चाळीस वर्षं पाळलेली रीत तिथे अंगणात मोडली, आणि तीही दुसऱ्याच्या उष्ट्याने. त्याने सवयीने चावायचा प्रयत्न केला. हिरडीवर हिरडी आपटली. काप जागचा हलला नाही. त्याने तो गालाच्या या बाजूला नेला, त्या बाजूला नेला. चिवट होता. कड तर फणसाच्या सालीसारखी टोचत होती. आणि मीठ. अरे देवा, मीठ. मुठीने पन्नास माणसांचं मीठ त्या एका पिझ्झ्यात घातलं होतं, आणि नाकाला त्याची काही खबर नव्हती.

राही त्याच्या तोंडाकडे लक्ष देऊन बघत होती. आता कसं वाटतं, असं काहीसं तिच्या नजरेत होतं.

सदू तिच्यासमोर जमिनीवर बसला. तो काप गिळायला त्याला बराच वेळ लागला. तेवढ्या वेळात त्याने बराच हिशोब जमवला. पहिल्यांदाच त्याच्या ध्यानात आलं की पंगतीत वाढताना लोक जेवतात की नुसतं हो हो म्हणतात, हे त्याने कधी खाली बसून पाहिलंच नव्हतं.

संध्याकाळी नम्रता आली. ताटलीतले चोखून टाकलेले काप तिने पाहिले. "राहू द्या बाबा," ती हळू म्हणाली. "उद्या फोन करून टाकते मी त्यांना."

"उद्याचा दिवस माजा हाय," सदू म्हणाला. "परवा काय करायचं ते कर."

रविवारी तो उजाडता उजाडता उठला आणि पहिली गोष्ट ही केली की कवळी वाटीतच राहू दिली.

पीठ दुधात भिजवलं, कोमट. दोन चमचे दही घातलं. मीठ चिमटीत धरलं, मग चिमटीतलंही अर्धं परत डब्यात टाकलं. पीठ इतकं सैल ठेवलं की भाकरी करणाऱ्याला लाज वाटावी. बोटांना चिकटत होतं, चिकटू दिलं. अंगणात चिऱ्याला ऊन लागलं तसा टोप तिथे ठेवला. तोवर लाल भोपळ्याची फोड आणि टोमॅटो उकडून, सालं काढून, गाळून घेतले. तिखट नाही, लसूण नाही. थोडं तुपात परतलं आणि चमचाभर तोंडात घातलं.

नम्रता दारात उभी होती. ती बघत राहिली.

"बाबा, चाखताय?"

"मग काय करू?"

"काही नाही. आईला सुट्टी मिळाली असती."

"म्हंजे?"

"तुमचं झालं की ती रोज मागून चाखायची. कधी मीठ, कधी कोकम, कधी पाणी. तुम्ही हातपाय धुवायला गेलात की. आम्हाला वाटायचं, तुम्हाला ठाऊक आहे."

सदूच्या हातातला चमचा तसाच राहिला. तीस वर्षं त्याने घरात जेवताना स्वतःची पाठ थोपटून घेतली होती. ती सगळी थाप भलत्याच पाठीवर पडायला हवी होती. सगुणा गेल्यापासून जेवण बेचव लागतं, असं तो लोकांना सांगायचा, आणि लोक दुःखाने मान हलवायचे. ते दुःख खरंच होतं. पण त्यातलं थोडं मिठाचंही होतं, हे त्याला आज कळलं.

"सांगायचं तरी," तो पुटपुटला.

"कोणाला? नाकाला?"

दहाच्या सुमाराला कमाल आला, न बोलावता, खुर्ची ओढून बसला. सदूने पीठ थापलं नाही. तव्यावर तूप लावून गोळा ठेवला आणि बोटांच्या टोकांनी हलकेच पसरला, चांगला बोटभर जाड. भोपळ्याचा रस पसरला, वर किसलेलं चीज आणि थोडं कुस्करलेलं पनीर. चुलीवर नाही, शेजारच्या वैलावर, जिथे नुसती धग लागते, तिथे तवा ठेवला आणि वर ओल्या कडेचं झाकण लावलं, घावनाला लावतो तसं. आतल्या आत वाफ धरली.

उतरवल्यावर त्याने कडेचा तुकडा तोडला, तोंडात घातला आणि डोळे मिटून हिरड्यांवर फिरवला.

"सदूभाऊ चाखतोय," कमाल म्हणाला. "रझियाला बोलवू काय? फोटो काढू."

"चाखत नाय. चघळतोय." सदूने डोळे उघडले. "मदला भाग बरा हाय. कड अजून भांडते."

"बेकरीत आमी कडेला दूध फासायचो."

"तुमची बेकरी. माज्याकडे दुसरं हाय."

भाकऱ्या झाल्या की त्या फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवायच्या, स्वतःच्याच वाफेत त्या घामेजतात आणि संध्याकाळपर्यंत मऊ राहतात, हे या वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. एवढे दिवस फक्त पाचशे पानांच्या आचाऱ्याला आठवलं नव्हतं. त्याने पिझ्झा स्वच्छ फडक्यात गुंडाळला, टोपलीत ठेवला, वर ताट झाकलं आणि तेवढा वेळ काहीच न करता बसून राहिला. हे त्याला सगळ्यात जड गेलं.

मग पुन्हा कड तोडली. हिरडीने दाबली. दबली. जिभेवर विरघळली, थोडी गोड, थोडी आंबूस.

"आता तुमी दोघं मागल्या दारी जा," तो म्हणाला. नम्रता आणि कमाल विहिरीकडे जाऊन उभे राहिले.

सदूने बोटाएवढे लांबट काप केले. या वेळी तो वाकून उभा राहिला नाही. राहीसमोर मांडी घालून बसला, ताटली दोघांच्या मध्ये ठेवली आणि तिला काही न विचारता एक काप स्वतः खायला लागला. सावकाश, हिरड्यांनी, आवाज करत. राहीने त्याचं तोंड पाहिलं. सगळं तोंड हलत होतं, नाक हनुवटीला भेटून येत होतं. तिला ते फार आवडलं. ती हसली आणि तिचे सहाच्या सहा दात दिसले.

त्याने एक काप तिच्यापुढे धरला. तिने त्याच्या हातूनच चावला. तुटला. चावला म्हणण्यासारखं फारसं काही करावंच लागलं नाही. तिने दुसऱ्यासाठी तोंड उघडलं. तिसऱ्याला ती त्याच्या मांडीवर येऊन बसली, कारण तिथून ताटली जवळ पडत होती. सदूने उगाच मोठा अर्थ काढला नाही. पंगतीत सोयीची जागा सगळेच बघतात.

मागच्या दाराशी नम्रता उभी होती. तिने हातातला फोन पिशवीत टाकला.

सोमवारी सकाळी ती जयगडच्या एसटीला गेली. राही थोडी रडली, मांजर दिसलं तशी थांबली. दुपारी बारा वाजता सदूचा फोन वाजला.

"बाबा, खाल्लं का तिने?"

सदू काही तरी म्हणाला. पलीकडे काहीच कळलं नाही.

"काय? बाबा, नीट बोला. काय झालं?" तिचा आवाज घाबरला. "कवळी कुठाय तुमची?"

सदूने तोंडातला घास गिळला. "वाटीत हाय. खाल्लान तिनं. चार खाल्लान, पाचवा चाल्लाय."

"मग तुम्ही का काढलीत कवळी?"

"जेवतोय ना आमी," सदू म्हणाला, आणि फोन खाली ठेवला, कारण राहीने कापाचं एक टोक चोखून दुसरं टोक त्याच्या तोंडापुढे धरलं होतं आणि तिला थांबायची सवय नव्हती. त्याने ते घेतलं. दोघांत मिळून दात सहा होते, आणि तेवढे पुरत होते.